सुईची उचकी

प्रिय मृणाल,

काल फोनवर तू आधी हसलीस, मग रडलीस, आणि मला दोन्हीतलं काहीच धड ऐकू आलं नाही. दर दोन शब्दांनी मीच उचकत होते. उचकी आली की आपण काय सांगून राहिलो होतो तेच मी विसरते, मग पहिल्यापासून सुरू करते, आणि तिथेच पुन्हा उचकी. त्यात तुझे बाबा पाण्याचा गिलास घेऊन बाजूला उभे. म्हणून आज लिहायलाच बसले. हाताला उचकी लागत नाही, तेवढं तरी बरं आहे. एखादं अक्षर ओळीच्या वर उडालेलं दिसलं तर समजून घे. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते. तू मात्र ओळीने वाच, शेवटचं पान आधी उघडू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

आज शनिवार, बाबा सकाळीच जामसांवलीच्या मारुतीला गेलेत. मला म्हणाले, तू घरीच राह्य, गाडीत हबके बसतीन. घरात मी एकटी, समोर शाळेतल्या मुलांच्या वह्यांचा गठ्ठा आहे आणि त्याच्यावर ठेवून हे लिहून राहिले. सोमवारी मला नागपूरला नेणार आहेत. पोटात दुर्बीण टाकून बघणार म्हणे, उचकी कशाची आहे ते. तर पोरी, उचकी कशाची आहे ते मला माहीत आहे. निदान मला तसं वाटतं. मी वजन कमी करायची सुई घेऊन राहिले, मागच्या दिवाळीनंतरपासून. तुझ्या बाबांना त्यातलं अक्षरही माहीत नाही. त्यांनी मनात धरून टाकलंय की मला काहीतरी मोठं झालं आहे. आता त्यांना सांगू की नको सांगू, हे मला सोमवारच्या आत ठरवायचं आहे, आणि बाप्पा, माझं काही केल्या ठरून नाही राहिलं.

चोरून काही केलं नाही गं. म्हणजे बाबांपासून चोरून केलं, पण डॉक्टरकडूनच घेतलं. तुझी अपर्णा मावशी तीच सुई घेऊन राहिली. सौंसरला गेले होते तर दार उघडलं आणि मी तिला ओळखलंच नाही, मला वाटलं तिची कोणी पाहुणी आली. तिनेच मला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, साखर काठावर आहे म्हणाले, गुडघ्यांचं विचारलं आणि लिहून दिली. पेनासारखी असते, आठवड्यातून एकदा पोटाला टोचायची, दुखतही नाही. फ्रीजमध्ये ठेवावी लागते. मी ती भाज्यांच्या कप्प्यात, कढीपत्त्याच्या पिशवीखाली, लिंबाच्या लोणच्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली. आपल्या घरात फ्रीज उघडणारी मी एकटीच, त्यामुळे निश्चिंत होते. आता आजारपणामुळे बाबा स्वतः उठून माझ्यासाठी ताक काढायला लागलेत, आणि फ्रीजचं दार वाजलं की माझा जीव वर येतो.

भूक तर अशी गेली की मलाच नवल वाटलं. मी, जिने तुझ्या डब्यातला उरलेला पराठाही कधी वाया जाऊ दिला नाही, ती अर्धी भाकर खाऊन ताट सरकवायला लागली. ब्लाउज आत घेतले, पुन्हा आत घेतले. शाळेत डिंपल मॅडम रोज नवं काही म्हणायची, मॅडम क्या बात है, कौन सी चक्की का आटा खा रहे हो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आरशासमोर उभी राहून मी केस विंचरायला जास्त वेळ घ्यायला लागले. मग जानेवारीत एका सकाळी प्रार्थनेत, सगळी शाळा रांगेत उभी असताना, पहिली उचकी आली. ती जी आली ती आलीच. कधी दुपारभर राहते, कधी जेवल्यावर येते आणि झोपेपर्यंत जात नाही. मधले एक-दोन दिवस सुटीही देते, म्हणजे वाटावं की गेली, आणि मग भाजी निवडता निवडता परत.

तुला तर माहीतच आहे, आपल्याकडे उचकी लागली की औषध कोणी विचारत नाही, आधी नावं विचारतात. चौथीच्या वर्गात पोरांनी गोंधळ घातला. मॅडम, तुमच्या भावाचं नाव घ्या, मॅडम, मृणालताईचं घ्या. एक तर म्हणाला, मॅडम, गणिताचा पेपर राहिला आहे, शिक्षणाधिकारी साहेब आठवण काढून राहिले असतील. मी हसत हसत सगळी नावं घेतली. घरी आले तर तेच. तुझे बाबा खुर्ची ओढून समोर बसले आणि हिशोबाला बसावं तसं एकेक माणूस घेतलं. अपर्णा. उचकी. तुझा तुषारमामा. उचकी. मृणाल. तुझ्यावेळी जरा थांबल्यासारखी झाली आणि आम्ही दोघेही खूश झालो, तर पुन्हा सुरू. मग बाकीचे मामा-मामी झाले, शेजारचे वामनकाका झाले, बाबांची संत्र्याची गाडी भरणारा मंगेश झाला, तिगाव स्टेशनसमोरचा चहावाला झाला. मी म्हटलं, तो मला कशाला आठवेल हो. ते म्हणाले, तू घे तं खरं नाव.

आणि मग एक दिवस संध्याकाळी दिवाबत्ती करताना काय झालं ते ऐक. जिवंत माणसांची नावं सगळी घेऊन संपली होती. मी देवाजवळ निरांजन ठेवत होते, वर तुझ्या आजीचा फोटो, आणि सहज तोंडातून निघालं, आता काय माय आठवण काढून राहिल्या का माझी. उचकी थांबली. तू विश्वास ठेव किंवा नको ठेवू, एकदम थांबली, दुसऱ्या दिवसापर्यंत नाही आली. मी आनंदाने मागे वळून पाहिलं तर तुझ्या बाबांच्या चेहऱ्यावर रक्त नाही. मला आधी कळेचना. मग कळलं. जिवंत माणूस आठवण काढतो ते ठीक आहे, पण गेलेलं माणूस आठवण काढून राहिलं म्हणजे बोलावून राहिलं. मी थट्टेवारी न्यायला बघितली, म्हटलं मायने मला बोलावलंच तर जेवायलाच बोलावलं असेल. ते हसले नाहीत. रात्री अर्ध्या ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. हे आंघोळ करून फोटोसमोर उभे राहिले, हार घातला आणि हळू आवाजात बोलायला लागले. मला वाटलं स्तोत्र म्हणून राहिले. स्तोत्र नव्हतं. म्हणत होते, माय, तिले राहू दे. तुले तिथं करमत नसन तं मी येतो. मृणाल, त्या क्षणी मी बाहेर येऊन सांगायला पाहिजे होतं की अहो, सुई आहे, मूर्खपणा आहे माझा. मी पाऊलही टाकलं. तेवढ्यात उचकी आली, ते दचकून मागे फिरले आणि पूजेच्या धोतराच्या सोग्याने फोटोची काच पुसायला लागले. मीही मग चहात साखर घालायला लागले. आम्ही दोघं असेच आहोत, तुला काय सांगायचं.

तेव्हापासून हा माणूस पार बदलून गेला आहे. संत्र्याचा मृगबहराचा माल झाडावर आहे, तीन-चार बागा घेऊन ठेवल्या आहेत, व्यापारी फोन करून करून थकले, आणि हे सकाळी माझ्यासाठी चहा ठेवतात. चहा कसला, पाणी असतं नुसतं, पण मी पिते. संत्र्याची फोड सोलून, वरचा पापुद्रा काढून, बिया काढून माझ्या हातावर ठेवतात. आयुष्यभर ज्याने संत्री ट्रकच्या हिशेबानेच पाहिली, तो माणूस एकेक फोड सोलून राहिला आहे. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात तिकडे एकटक बघत बसतात, आणि मी बघितलं की पेपर वर धरतात. स्वतः काही जेवत नाहीत. परवा त्यांचा पट्टा धुवायला काढला तर त्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक. सुई मी घेऊन राहिले आणि बारीक हे होऊन राहिले.

लोकांनी त्यात भरच घातली. सुरुवातीला कॉलनीतल्या बायका म्हणत होत्या, छान दिसता हो प्रेमलताताई. आता आवाज खाली आणून विचारतात, घरी सगळं ठीक नं? शुगर वगैरे? वामनकाकांनी तर बाबांना कोपऱ्यात नेऊन कोणाच्या तरी मेव्हणीचं सांगितलं, तिलाही म्हणे आधी उचकीच लागली होती. पुढचं त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बाबा घरी येऊन बराच वेळ मोटारसायकलवरच बसून राहिले. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने झोप येते, उचकी झोपेतही येते. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, दुसरं काही औषध सुरू आहे का. हे बाजूलाच बसले होते. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनाही खोटं सांगितलं, बघ आता.

तू म्हणशील, आई, यात एवढं काय आहे, सांगून टाक. रागावतील दोन दिवस. तेच तर. रागाची भीती असती तर मी कधीच सांगितलं असतं, त्यांचा राग मला पाठ आहे. मला सुई का घ्यावीशी वाटली ते सांगितल्याशिवाय सुईचं सांगता येत नाही, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. अपर्णालाही गुडघ्यांचंच सांगितलं.

तिगावच्या त्या लग्नात मी पडले होते, तुला आठवत असेल, तू बारावीत होतीस. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय पसरले आणि मी सगळ्या मांडवासमोर जमिनीवर. पोरं हसली ते ठीक, मोठी माणसंही तोंडाला रुमाल लावून हसली. बाबांनी मला उठवलं, साडीची माती झटकली आणि न जेवताच घरी आणलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासोबत मांडवात शिरणं सोडलं. आठवून बघ. गाडीतून उतरलो की हे भरभर पुढे. मी साडी सावरत मागून येते, ओळखीचे लोक विचारतात, भगवंतराव कुठे, आणि मी हसून म्हणते, येऊन राहिले मागून, आणि ते तर केव्हाचे पुढे निघून गेलेले. मग कुठेतरी पार मागच्या कोपऱ्यात, कूलरच्या पलीकडे, उभे दिसतात आणि लांबूनच हात हलवून बोलावतात. तिथे, लोकांच्या नजरेआड, मला बसवतात. पुढे नवरा-नवरी कसे दिसतात हे मी कित्येक लग्नांत पाहिलेलं नाही. मला काय समजायचं ते मी समजले. लाज वाटते माणसाला. एवढ्या बायकोसोबत चालायची लाज वाटते. तोंडाने कधी बोलले नाहीत, पण पाय तर बोलतातच नं.

म्हणून सुई. मला वाटलं, बारीक होईन, पुढच्या लग्नात सोबत चालतील. आणि गंमत बघ, चालायला लागलेच. दवाखान्यात जाताना, बाजारात, बसस्टँडवर, माझ्या कोपराला हात लावून माझ्या पावलाला पाऊल. रस्ता ओलांडताना तर हात धरतात, पांढुर्ण्याच्या मेन रोडवर, भर दिवसा. लग्नानंतर पहिल्यांदा. पण ते मी बारीक झाले म्हणून नाही, मी जाऊन राहिले असं त्यांना वाटतं म्हणून. आता मी काय समजू? सांगितलं की भीती जाईल, आणि भीतीसोबत हेही जाईल. पुन्हा हे पुढे आणि मी मागे. नाही सांगितलं तर हा माणूस पट्ट्याला भोकं पाडत राहील. कधी वाटतं मी किती दुष्ट आहे. कधी वाटतं, जरा मिळालं तर मिळू दे की, इतक्या वर्षांनी मिळून राहिलं आहे.

अपर्णाने त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, होतं असं काहींना, पुढची सुई थांबवा आणि येऊन भेटा. मी हो म्हटलं आणि मंगळवारी पुन्हा टोचून घेतली. का, ते मला विचारू नकोस, मला स्वतःला सांगता येणार नाही. हातात पेन होतं, मंगळवार होता, टोचली. आणि दुर्बिणीआधी तर हे सांगावंच लागतं म्हणे, सुईमुळे पोटात अन्न तसंच राहतं, नळी टाकताना घात होऊ शकतो. अपर्णा काल रडकुंडीला आली होती, म्हणाली तू सोमवारपर्यंत नाही सांगितलं तर मी सांगते. ती सांगेल. ती लहानपणापासून चुगलखोर आहे.

गेटचा आवाज झाला. बाबा आले बहुतेक. थांब जरा.

आले. हातात तीर्थाची बाटली, कपाळाला शेंदूर, उन्हाने लाल झालेले. मला आधी तीर्थ दिलं, मग स्वतः पाणी प्यायले. मी उचकले तसे माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मला अगदी राहवलं नाही. आता खरं सांगते, मृणाल, रागावू नकोस. हे पत्र पहिल्या ओळीपासून तुझ्यासाठी नव्हतंच. मी सकाळी दोनदा यांनाच लिहायला बसले होते, पण वर प्रिय असं लिहून पुढे काय लिहावं तेच सुचेना, आमच्यात कधी तसं लिहिलंच नाही कोणी. म्हणून तुझं नाव घातलं आणि मग सगळं लिहिता आलं. आताच ही सगळी पानं मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मृणालला पाठवायची आहेत, शुद्धलेखन बघा जरा. चष्मा लावून समोर बसून वाचून राहिले. फ्रीजच्या पानावर एकदा उठले, फ्रीज उघडला, लोणच्याचा डबा पाहिला आणि परत येऊन बसले. आजीच्या पानावर चष्मा पुसला. तिगावचं पान वाचून झालं तरी ते उलटून नाही राहिले. मला विचारावंसं वाटतं, पण उचकी थांबत नाही आणि बोलता येत नाही. आता हात पुढे करून पेन मागून राहिले. मी हे शेवटचं पान त्यांना देते. खालचं अक्षर लागलं नाही तर फोन कर, मी वाचून सांगीन.

तुझीच, अजून उचकत असलेली,
आई

मृणाल,
तुझी आई समोर बसली हाये, तिले तोंडानं सांगता येऊन नाही राह्यलं, म्हणून तुले लिहितो. मी पुढं जात होतो ते खुर्ची पाहाले. मांडवातल्या खुर्च्या लय हलक्या असतात. खुर्च्यांची थप्पी मागं कोपऱ्यात असते, तिथून दोन घेऊन एकात एक घालत होतो आणि बसून पाहात होतो, मंग तिले हात करत होतो. उशीर केला तं थप्पी खतम होते. तिगावले लोक हासले ते मले अजून सहन होत नाही. सुईचं मी आताच डॉक्टरले फोन करून सांगतो. बाकी तिले मी काय बोलू. बारीक हाये का जाड हाये मले काही समजत नाही. मले तं वाटलं होतं, ती चालली.
बाबा